भामरे काकांचा टोक्या

नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे. तिथली माणसं ताठ बसतात. ही बढाई नाही, पाहुणे येऊन सांगतात. लग्नाच्या पंगतीत आमची मंडळी लांबून ओळखू येतात म्हणे. माझ्या साडूनं तर एकदा विचारलंही होतं, "तुमच्याकडे सगळे मिलिटरीतून रिटायर झालेत का हो?" मिलिटरीतलं कुणीच नव्हतं. चेअरमन कुलकर्णी पोस्टातले, वाघ आणि पवार दोघेही मास्तर, आणि मी अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आम्हाला ताठ केलं ते माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या भामरे काकांनी. आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाकून बसणारा माणूस एकच होता, तो म्हणजे स्वतः भामरे काका.

काका मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये. नव्वदच्या दशकात कधीतरी रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच दिवशी माझ्याकडे शिडी मागायला आले, ती मी दिली, तर म्हणाले, "शिडी घेतली." मी म्हटलं, हो, घ्या ना. तर परत म्हणाले, "घेतली." तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा सैल आहे.

नंतर कळलं की ती त्यांची सवय होती. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की कुणीतरी बटण दाबून तो घ्यावा लागतो, म्हणजे वाजला हे मला समजलं असं कबूल करावं लागतं, आणि मग बिघाडाकडे पळायचं. काकांच्या पाळीत नुसतं बटण दाबून चालत नसे, तोंडानं "घेतला!" असं ओरडावंही लागे. "बिघाडाची लाज नाही," काका म्हणायचे, "वाजलेलं अंगाला लावून न घेण्याची लाज. अलार्म कुणाचा का असेना, घेणारा शहाणा." हे ते पाणी आलं नाही तरी म्हणत, भाजी खारट झाली तरी म्हणत आणि वाघांच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही म्हणाले होते.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे कान. मशीनच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "डावीकडचं गेलं. अजून पंधरवडा काढेल." पंधरवडा निघायचा आणि ते जायचंच. रिटायर झाल्यावरही अंबड-सातपूरचे वर्कशॉपवाले त्यांना न्यायला यायचे. काका पैसे घेत नसत, पण स्क्रूड्रायव्हर पुसून खिशाला लावताना जो काही चेहरा व्हायचा, तो नवरदेवालाही शोभला असता.

सुमनकाकू ही त्यांची बायको. बुटकी, गोरी, बोलण्यात अजून बागलाणच्या अहिराणीचा शे-शे होता, म्हणजे 'आहे'ऐवजी 'शे'. काकूंची पाठ दुखायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाडं ठिसूळ झालीत, मणके खचायला लागलेत, बसताना ताठ बसलात तर बऱ्या, नाहीतर काही वर्षांत जमिनीकडे बघून चालाल. काका घरी आले ते थेट माळ्यावर चढले आणि जुन्या सामानाचा डबा घेऊन उतरले. त्या डब्यातून टोक्या जन्माला आला.

टोक्या म्हणजे टोकणारा. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी, तिच्यात काचेची इवली नळी, नळीत पाऱ्याचा थेंब. डबी खांद्याच्या खाली पाठीवर सेफ्टी पिनेनं अडकवायची. पाठ वाकली की थेंब घरंगळतो, दोन तारा जोडतो आणि वाजतं. ताठ झालं की बंद. "माणूस स्वतःला वाकलेला दिसत नाही," काका म्हणाले, "म्हणून त्याला ऐकवायचं."

पहिल्या टोक्याला त्यांनी स्कूटरचा हॉर्न लावला होता. काकू तांदूळ निवडायला वाकल्या, आणि खाली दूधवाल्यानं दचकून सायकल गटारात घातली. दोन दिवसांत काकूंनी तो अंगावरून काढला, माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं की मी मेले तरी ट्रक होणार नाही. मग काकांनी नाजूक आवाजाचा बझर आणला. बारीक, डोक्यात जाणारा, टीं टीं टीं असा. दिवा जोडून तपासला, दिवा लागला, म्हणजे वाजतंय. बायकोला एकटीला वाटू नये म्हणून स्वतःच्या पाठीवरही एक लावला. मग शेजाऱ्यांना वाटले. मला दिला, वाघांना, पवारांना, कुलकर्ण्यांना. नियम एकच: वाजला की मोठ्यानं "घेतला!" म्हणायचं आणि ताठ बसायचं.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही सगळे काकांच्या गॅलरीत चहाला जमलो होतो. टीं टीं सुरू झालं. आम्ही आपापल्या पाठी चाचपल्या. माझा गप्प, वाघांचा गप्प. वाजत होता तो काकांचा. काका पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून आम्हाला पाठीच्या कण्याचं महत्त्व समजावत होते, आणि त्यांच्या पाठीवरून टीं टीं टीं चालू होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात काकू कडाडल्या, "घेतला!" आणि सटकन ताठ झाल्या. काकांनी बायकोकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि खुर्चीत मागे रेलले. त्याबरोबर आवाज बंद.

"बघितलं?" काका आम्हाला म्हणाले. "यंत्र चालतंय."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठलं. "त्यासले बारीक आवाज ऐकू येत नही," त्या म्हणाल्या. "बोलनं येस, हॉर्न येस, मशीनची घरघर येस. बारीक काही येत नही. रातले डास कानाशी गुणगुणतात, तर म्हणतात, आपल्याकडे डास शेच नही. सगळा हात चावी टाकेल ऱ्हास." टर्बाइनजवळ काम करताना काका कानात बोळे घालत नसत, साहेब ओरडले तरी नसत, म्हणे बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळायचं. त्यातच गेला होता कान.

मी म्हटलं, "मग सांगा की त्यांना."

काकूंचे डोळे भरून आले. "त्या माणसाकडे त्या कानाशिवाय दुसरं काय शे, भाऊ? कान गया हाई समजनं ना, ते मानूस खची जाई. तुम्ही कोणी सांगू नका."

आम्ही कोणी सांगितलं नाही. चार मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये, जिथे कुणाकडे कुठली भाजी झाली हेसुद्धा लपत नाही, तिथे हे गुपित वर्षानुवर्षं टिकलं. पण टीं टीं सहन होत नसे आणि ते थांबवायचा उपाय एकच होता. कुणीतरी "घेतला!" म्हणून ताठ व्हायचं, की काका खूश होऊन मागे रेलणार. आमचे टोक्ये केव्हाच ट्रंकेत गेले होते, काकूंचा नवाही माळ्यावर. तरी काकांचा वाजला की जवळच्या माणसानं तो घ्यायचा असा रिवाजच पडला. भाजीवालीसुद्धा घ्यायची. "घितला ओ काका," असं टोपलीमागून म्हणायची आणि अंबाड्यासकट ताठ व्हायची.

सोसायटीच्या मीटिंगला तर कहर होई. विषय जितका रंगेल तितके काका पुढे झुकत. त्यामुळे कुलकर्णी हिशेब वाचायचे तेव्हा चिडीचूप असे, आणि पार्किंगचा विषय निघाला की टीं टीं सुरू. एकदा वाघ आणि पवार स्कूटर लावण्यावरून एकमेकांच्या अंगावर धावले. वाघ म्हणाले, "तुमचा बाप इथं जागा ठेवून गेला होता का?" हे ऐकून काका इतके झुकले की बझर कर्कश किंचाळायला लागला. वाघ थांबले. पवार थांबले. दोघं एकदमच म्हणाले, "घेतला!" आणि खुर्च्यांवर ताठ बसले. पाठ टेकून बसल्यावर बापापासून पुन्हा सुरुवात करणं अवघड जातं. कुलकर्ण्यांनी चहा मागवला आणि तेवढ्यात दोन्ही स्कूटर्सना जागा निघाली. मिनिट्समध्ये काय लिहायचं, हा मात्र प्रश्न पडला.

पवारांच्या सत्यनारायणाला गुरुजी त्र्यंबकहून आले होते. साधुवाण्याची नाव बुडायला आली, काका भक्तिभावानं झुकले आणि वाजायला लागलं. ओळीनं बसलेल्या दहाबारा माणसांनी "घेतला" म्हणत पाठी ताठ केल्या. गुरुजींनी पोथीतून मान वर केली, सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि पुन्हा नावेकडे वळले. दक्षिणा घेताना मला हळूच विचारलं, "तुमच्यात हा कुळाचार का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आता मला अंबडचा दिवस सांगायला हवा. तो मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

आमच्या वर्कशॉपमधल्या एका ग्राइंडिंग मशीनला थरथर यायला लागली होती. मालक दौलतशेठ शेवाळे, सिन्नरकडचा भला माणूस, म्हणाला, "तुमच्या त्या कानवाल्या काकाला आणा ना." मी काकांना स्कूटरवरून घेऊन गेलो. काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि वाकले. टीं टीं टीं.

"ऐका, ऐका!" शेठ ओरडला. "बारीक आवाज येऊ राह्यला. येतो ना काका?"

काकांनी डोळे मिटले. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा झाला. मग म्हणाले, "येतोय."

मी म्हटलं, "घेतला!"

"काय घेतला?" शेठनं विचारलं.

"काही नाही. तसंच."

काका सरळ झाले, आवाज थांबला. "बेअरिंग आहे," काका म्हणाले. शेठनं मशीन खोलायला लावलं. नवं बेअरिंग बसवलं. थरथर खरोखरच गेली. पण खात्री करायला काका पुन्हा वाकले आणि पुन्हा टीं टीं. शेठनं दुसऱ्या बाजूचंही बेअरिंग बदललं, पट्टा बदलला. काका वाकले, वाजलं. मी शेठला डोळ्यांनी खुणावत होतो, तर शेठ म्हणाला, "तुमच्या डोळ्यात बुरादा गेला का? धुऊन या." शेवटी त्यानं मेन स्विचच पाडला. मशीन घरघरत थांबलं. सगळं वर्कशॉप शांत. आणि काका अजून तसेच वाकलेले, स्क्रूड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले. बंद मशीनमधून टीं टीं टीं येत होतं.

शेठनं चपला काढल्या. "हे लय वेगळं प्रकरण हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बंद मशीन बोलतंय. नारळ आणा रे." नारळ आला, हळदकुंकू आलं. मशीनपुढे नारळ फुटला तेव्हा प्रसादाला हात पुढे करायला काका सरळ उभे राहिले आणि आवाज बंद झाला. कामगारांनी हात जोडले. त्या मशीनला पुढे दर शनिवारी उदबत्ती लागायची, आणि मशीन कधी बिघडलंही नाही.

परत येताना पाथर्डी फाट्याजवळ एक रसवंती होती. काका म्हणाले, "थांबव." रसाचे ग्लास आले, ते तसेच राहिले.

"मशीन बंद केल्यावरही आवाज येत होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तू 'घेतला' म्हणालास. तुझा टोक्या तुझ्या अंगावर आहे?"

मी ग्लास नुसता फिरवला.

"नाही ना? मग तू कुणाचा घेतलास?"

हा कंट्रोल रूममधला माणूस होता. मुकाट्यानं एकेक तार तपासत मागे गेला आणि नेमका स्वतःच्या पाठीशी येऊन थांबला. मी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, काका."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"हो."

"हिला?"

"काकूंनीच सांगितलं होतं, कुणी बोलू नका म्हणून."

काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि टेबलावर ठेवला. "मी शेठला 'येतोय' म्हणालो," ते म्हणाले. "ऐकू येत नसताना येतोय म्हणालो. माझ्या पाळीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला खुर्चीवरून उठवला असता." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. रसवाल्यानं बर्फ जास्त झाला का म्हणून विचारलं.

मग त्यांनी विचारलं, "माझा वाजला की ही ताठ बसते?"

"दर वेळेला. सगळ्यांच्या आधी."

"स्वतःचा तर लावत नाही ती. परवाच माळ्यावर पडलेला दिसला मला." हिशेब जुळल्यासारखं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "म्हणजे इतकी वर्षं तिची पाठ माझ्या वाकण्यावर चाललीय." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. शपथ आहे तुला."

अशी माझ्यावर दोन्ही बाजूंची शपथ बसली. बायकोनं नवऱ्याला सांगू नको म्हटलेलं, नवऱ्यानं बायकोला.

त्या दिवसानंतर काकांनी कुठल्याही मशीनला कान लावला नाही. कुणी बोलवायला आलं की गुडघे दुखतात म्हणून सांगत. "अर्ध्या कानानं पूर्ण निकाल देऊ नये," असं मला एकदा जिन्यात म्हणाले. स्क्रूड्रायव्हर त्यांनी दौलतशेठला देऊन टाकला. शेठनं तो मशीनच्या शेजारी ठेवला आणि शनिवारी त्यालाही हळदकुंकू वाहायला लागला.

टोक्या मात्र काकांच्या पाठीवर राहिला. उलट तो आता जास्तच वाजायला लागला. आधी ते बोलण्याच्या भरात वाकायचे, आता बघून वाकत. काकू वाटाणे सोलता सोलता हळूहळू खाली यायच्या, पाठीची कमान व्हायची. काका पेपरच्या वरून बघत, मग सावकाश, चपलेचा पट्टा ठीक करायच्या निमित्तानं पुढे झुकत. टीं टीं. "घेतला!" म्हणत काकू ताठ. काका मागे रेलणार आणि पेपर उलटणार, जसं काही झालंच नाही. मला समोरच्या दारातून हे दिसायचं. एवढा चोरटा संसार मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टर काकूंना म्हणाले की या वयात अशी पाठ मी पाहिली नाही, काय करता? काकू म्हणाल्या, "काही नही, यासनं मशीन शे." काका भिंतीवरच्या सांगाड्याचं चित्र बघत उभे होते.

मुलाच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याला जायला निघालो, तेव्हा दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं सरली होती. निघायच्या दिवशी संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो. दार उघडंच होतं. दोघं गॅलरीत बसले होते, माझ्याकडे पाठ. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात टीं टीं सुरू झालं.

"घेतला," काकू म्हणाल्या आणि ताठ झाल्या.

आवाज थांबला नाही. काकांनी मागे रेलायचा प्रयत्न केला. खुर्चीच्या हातांवर जोर दिला, मान वर ओढली. पाठ आली नाही. इतकी वर्षं बायकोसाठी वाकवलेली पाठ आता तशीच राहिली होती. टीं टीं टीं.

"घेतला," काकू पुन्हा म्हणाल्या. मग जरा हळू, "घेतला हो."

काका पेपर डोळ्यांसमोर धरून बसून राहिले. त्यांना वाटत होतं की आपण पुरेसे मागे रेललो, म्हणजे आवाज बंद झाला असेल.

काकू उठल्या. एकदम ताठ, नव्या लाकडासारख्या. खुर्चीमागे जाऊन त्यांनी दोन्ही तळवे काकांच्या पाठीवर ठेवले आणि हळूहळू, पोराला चालायला शिकवावं तसं, त्यांना वर उचललं. आवाज थांबला. हात काढला असता तर पुन्हा सुरू झाला असता, म्हणून त्या हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या.

"काय व्हयनं?" काकांनी विचारलं.

"काही नही," काकू म्हणाल्या. "आशीच उभी शे."

मी दारातूनच परत फिरलो. खाली सामानाचा टेम्पो हॉर्न देत होता.